बुलेट, ड्यूक, आरएक्स आणि बाकीचे : मिश्र गटाबरोबर पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नवी मोटरसायकल घेतल्यावर पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास कानांवर येतात. पहिला प्रश्न ‘किती देते?’ हा असतो आणि तो शेजाऱ्यांपासून पेट्रोलपंपावरच्या माणसापर्यंत कोणीही विचारतो. दुसरा प्रश्न मात्र गाडीवालाच गाडीवाल्याला विचारतो : ‘हीच का घेतली?’ बुलेटवाला ड्यूकवाल्याला विचारतो, ड्यूकवाला बुलेटवाल्याला विचारतो, आणि आरएक्स किंवा येझदीसारखी जुनी गाडी जपून ठेवलेला माणूस दोघांनाही विचारतो. या प्रश्नाला शांतपणे उत्तर देता येणे आणि समोरच्याला न दुखावता तोच प्रश्न विचारता येणे, हे क्लच-गिअर शिकण्याइतकेच महत्त्वाचे आहे, असे माझे मत बऱ्याच वर्षांच्या भटकंतीनंतर झाले आहे. माझ्याकडे वडिलांची आरएक्स १०० आहे आणि पुढे स्वतः घेतलेली, बुलेटच्याच घराण्यातली क्लासिक ३५०ही आहे, त्यामुळे टोमणे मी दोन्ही बाजूंनी खाल्ले आहेत आणि दोन्ही बाजूंनी मारलेही आहेत. ज्यांनी नुकती गाडी घेतली आहे आणि ज्यांना वेगवेगळ्या जातकुळीच्या गाड्यांबरोबर पहिल्यांदाच घाटात जायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी : दुसऱ्याच्या गाडीचे इंजिन समजून घेणे

बहुतेक भांडणांचे मूळ स्वभावात नसून सिलिंडरमध्ये असते, हे आधी ध्यानात घ्यावे. ३४६ सीसीच्या बुलेटमध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा वर-खाली होणारा प्रवास ९० मिलिमीटर असतो. २०१३ साली आलेल्या केटीएमच्या ३९० ड्यूकमध्ये हेच प्रमाण उलटे आहे : व्यास ८९ आणि प्रवास अवघा ६०. लांब प्रवास करणारा पिस्टन सावकाश धावतो, त्यामुळे बुलेटची खरी ओढ मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपासच मिळते आणि त्यापुढे इंजिन पिळून हाती फारसे काही लागत नाही. ड्यूकचा आखूड प्रवासाचा पिस्टन मात्र फेरे वाढवत नेल्यावरच जागा होतो आणि तिची सर्वाधिक ताकद नऊ हजारांच्या आसपास मिळते. आरएक्स १००मध्ये दोन्ही मापे ५० मिलिमीटर आहेत, इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि गाडीचे वजन शंभर किलोंच्या आसपास, म्हणजे क्लासिक ३५०च्या जवळजवळ निम्मे आहे.

आता हे आकडे रस्त्यावर कसे दिसतात ते पाहा. चढावर बुलेटवाला तिसऱ्या गिअरमध्ये निवांत ‘डुगडुग’ करत जातो आणि मागच्या ड्यूकवाल्याला वाटते की हा मुद्दाम वाट अडवतो आहे. ड्यूकवाला त्याच चढावर खालच्या गिअरमध्ये फेरे चढवून जातो आणि बुलेटवाल्याला वाटते की हा पोरगा उगाच आवाज करतो आहे. दोघेही आपापल्या इंजिनाला सोसेल तेच करत असतात. याहून मोठा गैरसमज उतारावर होतो. टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाला मिळणारे तेल अॅक्सिलरेटरवर अवलंबून असते. आरएक्समध्ये ते पंपामधून येते, येझदीमध्ये ते पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, आणि दोन्हींत अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरला तर इंजिनाच्या आतल्या भागांना तेल अपुरे पडते. म्हणून जाणता आरएक्सवाला उतारावर मधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर किंचित पिळतो. ते ऐकून पुढच्याला वाटते की मागचा शर्यतीला बोलावतो आहे, तोही वेग वाढवतो, आणि ज्या स्पर्धेची कोणाचीच इच्छा नव्हती ती सुरू होते. मला स्वतःला हे कारण एका येझदीवाल्या काकांनी वरंध घाटाच्या पायथ्याशी समजावून सांगितले, तोवर मीही वडिलांच्या गाडीचे असेच हाल करत होतो.

म्हणून नव्या माणसाने करायचे पहिले काम असे : ज्या गटाबरोबर जायचे आहे त्या गटात कोणकोणत्या गाड्या आहेत ते विचारावे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडीविषयी तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. तिला डिस्क ब्रेक आहे की ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे की नाही, आणि एका टाकीत ती किती जाते. १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस बंधनकारक आहे, पण जुन्या गाड्या अर्थातच जशा होत्या तशाच आहेत. ही माहिती पुढे प्रत्येक वळणावर उपयोगी पडते.

दुसरी पायरी : चेष्टेची भाषा शिकणे, आणि तिची सीमाही

टपरीवर गाड्या उभ्या राहिल्या की चेष्टा सुरू होते आणि ती सुरू व्हायलाच हवी. बुलेटवाल्याला विचारतात, ‘काका, खाली तेलाचा डाग पडलाय का बघा, नसेल तर तेल संपलं असेल.’ ड्यूकवाल्याला विचारतात, ‘मागच्या सीटवर माणूस बसवायचा की शोभेला ठेवलीय?’ आरएक्सच्या मागे चालणाऱ्याने डास पळाल्याबद्दल आभार मानायचे असतात. हिमालयनवाल्याला, ‘लडाखला निघालात की मुळशीला?’ हा प्रश्न ठरलेला. नवागताने या चेष्टेने गांगरून जाऊ नये आणि आपल्या गाडीचा तांत्रिक बचावही मांडत बसू नये. ज्याची चेष्टा होते त्याला गटात जागा मिळाली आहे, असा तिचा साधा अर्थ असतो. उलट पहिल्याच दिवशी आपण दुसऱ्याच्या गाडीवर बोलू नये. एक-दोन राईड एकत्र झाल्यावर तो हक्क आपोआप मिळतो.

चेष्टा गाडीची असावी, माणसाची नव्हे, ही तिची सीमा आहे. अलीकडे ड्यूक किंवा पल्सर चालवणाऱ्या तरुण मुलांना सरसकट ‘छपरी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. या शब्दाबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. छप्पर बांधण्याचा व्यवसाय करणाऱ्या छप्परबंद समाजाशी हा शब्द जोडला जातो आणि व्यवहारात तो मुलाच्या गाडीला नव्हे, तर त्याच्या कपड्यांना, केसांना आणि त्याच्या वस्तीला हिणवण्यासाठी वापरला जातो. हप्त्यावर पल्सर घेऊन दिवसभर जेवणाचे डबे पोहोचवणारा आणि रविवारी त्याच गाडीवर घाटात येणारा मुलगा आपल्यापैकी अनेकांपेक्षा अधिक किलोमीटर चालवतो आणि अधिक चांगली चालवतो. आपल्या गटात हा शब्द कोणी वापरला तर नव्या माणसानेही ‘हे नको’ असे शांतपणे सांगावे.

गाडीवरून माणसाची पारख करण्याची खोड जुनी आहे. १९६४ साली इंग्लंडच्या क्लॅक्टन, मारगेट आणि ब्रायटन या समुद्रकाठच्या गावांत व्हेस्पा-लॅम्ब्रेटा स्कूटरवाले ‘मॉड’ आणि ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या मोटरसायकलींवरचे ‘रॉकर’ एकमेकांवर धावून गेले, तेव्हा भांडण गाडीपेक्षा कपड्यांचे, संगीताचे आणि कोण कोणत्या घरातून आले याचेच अधिक होते. आपल्याकडे प्रकरण इतके चिघळले नाही याचे एक कारण मला असे वाटते की, आपल्या बहुतेकांच्या घरात आजोबांची लॅम्ब्रेटा, वडिलांची बजाज आणि काकांची बुलेट एकाच अंगणात उभी राहत आली आहे. शिवाय आजच्या कट्टर प्रतिस्पर्धी गाड्यांचे गावही एकच असते. पल्सर, ड्यूक आणि २०२३मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० या तिन्ही चाकणच्याच कारखान्यांतून बाहेर पडतात.

तिसरी पायरी : गट, मार्ग आणि आपली जागा

पहिल्या राईडसाठी सात-आठ गाड्यांपेक्षा मोठा गट निवडू नये. त्याहून अधिक लोक येणार असतील तर दोन तुकड्या कराव्यात आणि त्या दहा मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात. मार्ग जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आतला असावा. पुण्यातून मुळशी, कोल्हापुरातून पन्हाळा, छत्रपती संभाजीनगरातून वेरूळ, नागपुरातून रामटेक असे मार्ग सुरुवातीला चांगले. मुंबईहून लोणावळ्याला जाणाऱ्यांनी जुना महामार्गच धरावा, कारण मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. अटल सेतूवरही दुचाकी चालत नाही. पावसाळ्यात ताम्हिणी पाहायची सगळ्यांनाच घाई असते, पण तेथील गर्दी, धुके आणि ओला रस्ता हे तिन्ही नव्या माणसाने तिसऱ्या-चौथ्या राईडसाठी राखून ठेवलेले बरे.

गटात कोण कुठे चालणार हे निघण्यापूर्वी ठरते आणि मिश्र गटात त्याला विशेष महत्त्व असते. सर्वांत पुढे ‘लीड’ असतो, त्याला रस्ता माहीत असतो. त्याच्या लगेच मागे नवा माणूस आणि कमी ताकदीच्या गाड्या, म्हणजे आरएक्स, स्प्लेंडर, अॅक्टिव्हा. मधे बुलेट आणि तत्सम. सर्वांत शेवटी ‘स्वीप’, म्हणजे मागे कोणी राहिले तर त्याच्याजवळ थांबणारा. बरेच जण वेगवान गाड्या पुढे ठेवतात आणि तिथेच चूक होते. लांब गटात पुढच्याने थोडा वेग वाढवला की प्रत्येक मागचा ते अंतर भरून काढण्यासाठी जरा अधिक वेग वाढवतो आणि शेवटच्या गाडीला सर्वांहून जोरात पळावे लागते. शेवटी आरएक्स किंवा अॅक्टिव्हा असेल तर ती जिवावर उदार होऊन पळते. हीच गाडी लीडच्या मागे असेल तर सगळ्या गटाचा वेग आपोआप तिच्या आवाक्यात राहतो. स्वीपला मात्र ताकदवान गाडी हवी, कारण पंक्चरसाठी वीस मिनिटे थांबून त्याला पुन्हा गटाला गाठायचे असते. आमच्या गटात हे काम अनेक वर्षे एका ड्यूकवाल्याकडे आहे. ज्याला आधी सगळे ‘पुढे पळणारा’ म्हणत, तो आता सर्वांच्या मागे असतो आणि त्याचा दिवा आरशात दिसला की मला निर्धास्त वाटते.

वेगवान गाड्यांच्या मालकांवर यात अन्याय होतो, ही तक्रार खोटी नाही. साठच्या वेगाने ड्यूक किंवा निन्जा तासभर चालवणे खरोखरच कंटाळवाणे असते. त्यावर उपाय असा की, सरळ, मोकळ्या आणि वस्ती नसलेल्या टप्प्यांत त्यांना कायद्याच्या मर्यादेत राहून पुढे जाऊ द्यावे, आणि पुढची ठरलेली टपरी हेच पुन्हा भेटण्याचे ठिकाण असावे. रस्ता जिथे फुटतो तिथे मात्र पुढच्याने थांबून मागचा दिसेपर्यंत वाट पाहायची. हा नियम सर्वांनी पाळला तर कोणाचाच फोन वाजत नाही.

चौथी पायरी : निघण्यापूर्वीची तयारी

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे. १ जून २०२१पासून देशात विनाचिन्ह दुचाकी हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला ती अजून दिसतात आणि ती घेऊ नयेत. विनाहेल्मेट चालवल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना निलंबन अशी कायद्यात तरतूद आहे, पण ज्या गटात दंडाच्या भीतीने हेल्मेट घालतात त्या गटाबरोबर जाऊच नये.

पेट्रोलचे थांबे सर्वांत छोट्या टाकीवरून ठरवावेत. टाकी भरलेली असो वा नसो, लीडने पंपावर गाडी घातली की सगळ्यांनी भरून घ्यावे, नाहीतर अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या टाकीसाठी पुन्हा थांबावे लागते. टू-स्ट्रोकवाल्याने टूटी ऑइलची, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाची, बाटली सोबत ठेवावी, कारण ते आता प्रत्येक पंपावर मिळत नाही. येझदीवाला टाकीत तेल मोजून मिसळत असताना बाकीच्यांनी घाई करू नये.

हत्यारांच्या बाबतीत मिश्र गटाचा एक तोटा आहे : एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालत नाहीत. म्हणून प्रत्येकाने आपल्या गाडीची क्लच-वायर आणि अॅक्सिलरेटरची वायर स्वतः आणावी, टू-स्ट्रोकवाल्याने शिवाय प्लग आणि प्लग-पाना आणावा. ड्यूकसारख्या गाडीचे टायर ट्यूबलेस असतात आणि त्यांचे पंक्चर रस्त्याच्या कडेला पट्टी घालून पाच मिनिटांत निघते. तारांच्या चाकाच्या बहुतेक बुलेटना ट्यूब असते, तिथे चाक खोलावे लागते, म्हणून योग्य मापाचा पाना आणि एक जादा ट्यूब बुलेटवाल्यांपैकी कोणाकडे तरी हवीच. हवा भरण्याचा छोटा पंप मात्र सर्वांना चालतो. तो स्वीपकडे द्यावा.

पाचवी पायरी : रस्त्यावर आणि घाटात

सरळ रस्त्यावर गाड्या एकामागे एक न लावता आडव्या-तिरप्या चालवाव्यात, म्हणजे एक लेनच्या उजव्या भागात, दुसरी तिच्या मागे डाव्या भागात, तिसरी पुन्हा उजव्या भागात. पुढच्या गाडीने एखादे झाड किंवा खांब ओलांडल्यापासून आपण तिथे पोहोचेपर्यंत किमान दोन सेकंद जावेत. साठच्या वेगाला दोन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर जाते, यावरून या अंतराची गरज ध्यानात येईल. पाऊस असेल तर हे अंतर दुप्पट करावे. घाट लागला की आडवी-तिरपी रचना मोडून सरळ एका रांगेत यावे, कारण वळणावर प्रत्येकाला लेनची पूर्ण रुंदी लागते.

मिश्र गटात घाट चालवताना एक नियम इतर सगळ्यांपेक्षा मोठा मानावा : पुढच्याच्या ब्रेकच्या दिव्यावरून आपले वळण ठरवू नये. एबीएस आणि रुंद टायर असलेली गाडी वळणाच्या जितक्या जवळ जाऊन ब्रेक लावू शकते, तितक्या जवळ जाऊन ड्रम ब्रेकची गाडी थांबू शकत नाही. ओळखीचा माणूस पुढे असला की त्याच्या मागे डोळे मिटून जाण्याचा मोह होतो. तो दोन्ही बाजूंनी घातक आहे. बुलेटच्या मागे असलेला ड्यूकवाला उगाच तिच्या चाकाला चिकटतो, आणि ड्यूकच्या मागे असलेला बुलेटवाला जवळजवळ दोनशे किलोंची गाडी घेऊन वळणात नको तितक्या वेगाने शिरतो. नजर पुढच्या गाडीच्या पलीकडे, रस्ता जिथे वळून दिसेनासा होतो तिथे ठेवावी आणि ब्रेक आपल्या गाडीच्या हिशेबाने लावावा. अंतर पडले तर पडू द्यावे. वर कुठेतरी सगळे थांबलेलेच असतात.

उतारावर आरएक्स, येझदी आणि स्कूटर यांना इंजिनाचा ब्रेक, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनामुळेच कमी होणारा वेग, नगण्य मिळतो, त्यामुळे त्यांची सगळी मदार ड्रमवर असते आणि लांब उतारात ड्रम तापून ब्रेक ढिले लागू लागतात. त्यांच्या पुढच्याने अचानक वेग कमी करू नये आणि मागच्याने त्यांना ढकलल्यासारखे जवळ येऊ नये. पसरणीसारख्या घाटात उतरताना अर्ध्यावर दोन मिनिटे थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत. खाली वाईचे खोरे दिसत असल्याने थांबायला निमित्तही मिळते. अॅक्टिव्हाची चाके छोटी असतात, ज्या खड्ड्यावरून हिमालयनचे २१ इंची पुढचे चाक सहज निघून जाते त्यात स्कूटर पडू शकते. म्हणून खड्डा, खडी किंवा चिखल दिसला की पुढच्याने त्या बाजूचा हात किंवा पाय बाहेर काढून खाली दाखवावा आणि हा इशारा प्रत्येकाने मागे पोहोचवावा. स्वतःच्या गाडीला तो खड्डा जाणवत नसला तरीही.

समोरून दुसरा गट आला की हात करायची पद्धत आहे. उजवा हात अॅक्सिलरेटरवर असल्याने डावा हात उचलतात. हा नमस्कार गाडी पाहून करू नये, बुलेटवाल्याने बुलेटवाल्यालाच हात करायचा ही सवय मला फार कोती वाटते. मात्र वळणात, ओल्या रस्त्यावर किंवा क्लचवर बोटे असताना हात सोडू नये. मान हलवली किंवा दिव्याची उघडझाप केली तरी समोरच्याला ते पोहोचते.

गावातून जाताना फेरे कमी ठेवावेत. फटाके फोडणारे सिलेंसर लावलेल्या एका गाडीमुळे मागून येणाऱ्या वीस जणांना गावकरी पाणीसुद्धा विचारत नाहीत, हे मी पाहिले आहे. असा सिलेंसर बेकायदा आहे, आणि शहराशहरांत पोलिसांनी जप्त केलेले सिलेंसर रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आपण पाहतोच. आपल्या गटात असा कोणी असेल तर त्याला पुढच्या राईडला बोलावण्यापूर्वी जुना सिलेंसर बसवून यायला सांगावे. बुलेटचा ठोका मूळच्या सिलेंसरमधूनही पुरेसा ऐकू येतो.

सहावी पायरी : कोणी शर्यतीला बोलावले तर

हे एकदा तरी होतेच. अनोळखी गाडी बाजूला येते, अॅक्सिलरेटर पिळला जातो, मान वळते. अशा वेळी डावीकडे सरकावे, वेग थोडा कमी करावा आणि हाताने पुढे जाण्याची खूण करावी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळीही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचे बळ पुरेसे वाटत नसेल तर असा विचार करावा की, त्या रस्त्यावर आपली गाडी कोणती हे कळण्याआधीच समोरून एसटी येऊ शकते. गटातल्या गटात कोणी चुरस लावू लागला तर लीडने पुढच्या टपरीवर गाडी थांबवून बोलावे, चालत्या गाडीवरून हातवारे करू नयेत.

सातवी पायरी : गाडी बंद पडली तर

या जगातले खरे नाते इथे दिसते, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. नियम साधा आहे : रस्त्याच्या कडेला थांबलेली मोटरसायकल दिसली की वेग कमी करायचा आणि अंगठा वर करून ‘ठीक?’ असे विचारायचे. समोरच्यानेही अंगठा दाखवला तर पुढे जायचे, नाहीतर थांबायचे. गाडी कोणती, गट कोणता, हे बघायचे नाही.

काही वर्षांपूर्वी वरंध घाट उतरून महाडच्या बाजूला माझी क्लच-वायर तुटली. जादा वायर मी आणली नव्हती, आणि सकाळपासून गटातल्या एका केटीएमवाल्या मुलाला मी स्वतः उजळणी घेतल्यासारखा छळत होतो. आमच्यापैकी कोणीतरी ‘आता ओढून नेऊ’ म्हणेपर्यंत त्याने गाडी वळवली होती. तो महाडपर्यंत गेला, रविवार असल्याने दोन दुकाने बंद मिळाली, तिसऱ्या दुकानदाराला घरातून उठवून तो वायर घेऊन आला आणि तासाभरात माझी गाडी सुरू झाली. वायरचे पैसे त्याने घेतले, बाकी काही नाही. त्या दिवसापासून मी जादा वायर सीटखाली बांधून ठेवतो, आणि त्याच्या मागच्या सीटबद्दल बोलण्याआधी त्याला चहा पाजतो.

अपघात झाला तर प्रथम रहदारी थांबवावी, मग जखमीकडे जावे. तो शुद्धीवर आणि नीट श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२वर तातडीची मदत मिळते. मदत करणाऱ्याला पोलिस-कोर्टाच्या फेऱ्यांची भीती वाटते, पण २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ अशा माणसाला संरक्षण देते. स्वतःचे नावही सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आठवी पायरी : गाड्यांची अदलाबदल

ओळख वाढली की ‘जरा चालवून बघ’ असे कोणीतरी म्हणते. हा मोठा मान आहे आणि तो सपाट, मोकळ्या जागेतच स्वीकारावा, घाटात नव्हे. जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. हे बोलताना सोपे वाटते, पण कुत्रे आडवे आले की पाय जुन्या सवयीने चालतो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. जुन्या जावा-येझदीमध्ये तर गिअरचा दांडाच फिरवून किक म्हणून वापरतात, ते मालकाकडून आधी शिकून घ्यावे. ड्यूकवर पहिल्यांदा बसणाऱ्या बुलेटवाल्याने अॅक्सिलरेटर अर्ध्याहून अधिक उघडू नये. आपली गाडी दुसऱ्याला देताना तिच्या खोडी आधी सांगाव्यात, आणि दुसऱ्याची गाडी घेताना विमा व कागदपत्रे चालू आहेत का हे विचारण्यात संकोच करू नये. मी ड्यूक पहिल्यांदा चालवली तेव्हाच मला त्या मुलाचे घाटातले वागणे कळले, आणि त्याने माझी क्लासिक चालवून परत आल्यावर ‘काका, हिला घाई करायलाच नको वाटतं’ असे म्हटले, तेव्हा त्यालाही माझे कळले असावे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करतात. त्या मेळाव्याला दुसरी गाडी असलेल्यांनीही अवश्य जावे, कारण आपल्या जुन्या गाडीविषयी इतक्या उत्साहाने समजावून सांगणारी माणसे एकत्र क्वचित भेटतात. गोव्यात २०१३पासून होणाऱ्या इंडिया बाइक वीकला शक्य झाल्यास एकदा जावे, पण आधी आपल्या गावच्या टपरीवरची मंडळी नीट ओळखीची व्हावीत.

परतल्यावर

परतीचा शेवटचा थांबा शहराच्या वेशीबाहेर घ्यावा आणि तिथेच निरोप घ्यावेत, कारण शहरात शिरल्यावर गट आपोआप फुटतो आणि कोण कुठे वळले ते कळत नाही. घरी पोहोचल्यावर प्रत्येकाने ‘पोहोचलो’ एवढा निरोप पाठवायचा असतो. घराकडे वळणारा शेवटचा माणूस दिसेनासा होईपर्यंत स्वीप मागे राहिलेला असतो, म्हणून त्याचा निरोप बहुधा सर्वांत उशिरा येतो. पहिल्या राईडच्या रात्री कितीही दमलेले असलात, तरी तो येईपर्यंत जागे राहावे.